अंगठ्याच्या भरवशावर

पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामधल्या फटीच्या भरवशावर आपल्या देशात रोज कोट्यवधी माणसं चालतात. त्या फटीत रबराची पट्टी, कातड्याची वादी किंवा लाकडाची खुंटी अडकली की तळ पायाखाली राहतो. बाकी पाय मोकळा. वहाण, पायताण, चप्पल, सँडल, खडावा, फ्लोटर्स यांचे आकार कितीही वेगळे असले तरी करणाऱ्यापुढचा सवाल एकच असतो: कमीत कमी सामानात तळ पायाला धरून कसा ठेवायचा?

आपल्याकडे चप्पल म्हणजे दुय्यम गोष्ट. मुलाखतीला बूट हवा, कचेरीत बूट हवा, शाळेच्या गणवेशात तर जूनच्या चिकचिकाटातही काळे बूट आणि नायलॉनचे मोजे हवेत. बूट हे पूर्ण पादत्राण आणि चप्पल हे त्याचं अर्धवट रूप, असा समज त्यामागे आहे. मला तो मुळातूनच चुकीचा वाटतो. थंड मुलखात पाय झाकणं ही गरज होती, म्हणून तिथे बूट वाढला. उष्ण मुलखात तळव्याला काटा, खडा आणि तापलेली जमीन यांपासून वाचवायचं आणि वरून वारा लागू द्यायचा, ही गरज होती. चप्पल ही गरज पूर्णपणे भागवते. तिच्यात काही कमी पडलेलं नाही.

ही युक्ती किती जुनी आहे, याचा पुरावा अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या फोर्ट रॉक गुहेत सापडला. १९३८ साली ल्यूथर क्रेसमन या पुरातत्त्वज्ञाने तिथे खोदकाम केलं, तेव्हा ज्वालामुखीच्या राखेच्या थराखाली डझनांनी सँडल निघाल्या. सेजब्रश नावाच्या रानझुडपाची साल पिळून तिच्या दोऱ्यांनी त्या विणल्या होत्या. सपाट तळ, बोटांवर एक झडप आणि घोट्याभोवती बांधायची दोरी. पुढे कार्बन पद्धतीने त्यांचं वय काढलं, तेव्हा ते नऊ ते दहा हजार वर्षांच्या घरात आलं. त्या काळी तिथल्या माणसांकडे ना शेती होती ना धातू, पण पायाच्या मापाने विणलेली सँडल होती. विणीत इतकी सफाई आहे की हा कुणाचाही पहिला प्रयत्न असणार नाही. गवत आणि साल टिकत नाहीत म्हणून आपल्याला मागचं दिसत नाही, एवढंच.

प्राचीन इजिप्तमध्ये सामान्य माणसं पपायरस आणि ताडाच्या पातींच्या सँडल विणत. तिथला राजा नारमेर याची सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची कोरीव शिळा प्रसिद्ध आहे. तीत राजा शत्रूवर गदा उगारून अनवाणी उभा आहे आणि त्याच्यामागे एक सेवक हातात राजाच्या सँडल घेऊन उभा आहे. सँडल सांभाळणं हे दरबारातलं मानाचं काम होतं. तुतनखामेनच्या थडग्यात सापडलेल्या एका जोडाच्या तळव्यावर तर बांधलेल्या शत्रूंची चित्रं आहेत, म्हणजे राजाच्या प्रत्येक पावलाखाली शत्रू तुडवला जावा.

रोमन सैनिकाची कॅलिगा ही पट्ट्यापट्ट्यांची जाड सँडल होती. तिच्या तळाला लोखंडी खिळे ठोकलेले असत. मातीच्या आणि खडीच्या वाटांवर मैलोन्‌मैल चालायला ती उत्तम, पण गुळगुळीत फरशीवर धोक्याची. इतिहासकार जोसेफस याने इसवी सन ७० मधल्या जेरुसलेमच्या वेढ्याच्या वर्णनात ज्युलियानस नावाच्या शूर रोमन अधिकाऱ्याची हकिगत दिली आहे. मंदिराच्या आवारात शत्रूचा पाठलाग करताना खिळ्यांमुळे तो फरशीवरून घसरून पडला आणि पडल्या जागी मारला गेला. पादत्राण चांगलं की वाईट, हे जमिनीला विचारल्याशिवाय ठरत नाही. आपल्या माणदेशातला शेतकरी टायर कापून केलेली जड चप्पल घालतो, ती याच हिशेबाने. बाभळीचा काटा साध्या रबरातून आरपार जातो, ट्रकच्या टायरमधून जात नाही. केनियातले मसाई गुराखी आणि मेक्सिकोतले खेडूतही जुन्या टायरचे तळ वापरतात. एकमेकांकडून न शिकता तिघं एकाच ठिकाणी पोचले.

अंगठ्यात अडकणाऱ्या पट्टीची कथा याहून लांबची आहे. जपानमध्ये भाताच्या पेंढ्यापासून विणलेली झोरी आणि वाराजी शेकडो वर्षं वापरात होती. वाराजी प्रवासाची. ती काही दिवसांत झिजे, मग वाटसरू ती टाकून नवी घेई. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी झोरीचा आकार रबरात उतरवला आणि ती जगभर गेली. ब्राझीलमध्ये १९६२ साली सुरू झालेल्या हवायानासच्या रबरी तळावर तांदळाच्या दाण्यांसारखी नक्षी असते, ती त्या पेंढ्याच्या झोरीची आठवण. आपल्याकडे याच जातीची हवाई चप्पल घरोघर पोचली. पांढरा तळ, निळा पट्टा. बाटाने १९३०च्या दशकात कोलकात्याजवळ बाटानगर उभारलं होतं. तिथून पुढे रबरी पादत्राणांचा जो पसारा वाढला, त्यात या चपलेएवढी कुठलीही वस्तू गरिबाच्या उपयोगी पडली नसेल. तिच्या आधी मोठी लोकसंख्या अनवाणीच होती. हुकवर्म या जंताच्या अळ्या दूषित मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात आणि माणूस पंडुरोगी होतो. अशा मुलखात पायाखाली रबराचा एक थर येणं ही आरोग्याची घटना आहे. पट्टा तुटला की दोन-चार दिवस सेफ्टी पिन लावून चालायचं, मग बाजारातून नुसता पट्टा आणून तीन भोकांत ओवायचा. तळ झिजून पलीकडचं दिसेपर्यंत ती टाकायची नाही, हे आपल्या घरांतून आपोआप ठरलेलं असे.

अंगठ्याची पकड सोयीची का, याचं उत्तर आपल्या उंबऱ्यात आहे. घरात शिरताना, देवळात, मित्राच्या ओट्यावर, काही दवाखान्यांतही आपण पादत्राणं काढतो. हात न लावता, न वाकता पाय आत सरकवता आला पाहिजे आणि बाहेर काढता आला पाहिजे. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असल्या तरी चालतं. जपानमध्येही पादत्राणं दाराशी काढण्याची शिस्त कडक आहे आणि तिथेही अंगठ्याची पट्टीच रुजली, हा मला योगायोग वाटत नाही.

मात्र या पकडीला किंमत मोजावी लागते. माणसाच्या एका पावलात २६ हाडं असतात. मागून न बांधलेली चप्पल पायातून निसटू नये म्हणून चालताना बोटं नकळत आवळली जातात आणि पाऊल थोडं आखूड पडतं. बाजारात जाऊन येण्यापुरतं ठीक आहे. पण पातळ हवाई चप्पल घालून दहा किलोमीटर चाललं की पोटऱ्या आणि टाचा बोलू लागतात. पाण्यात तर ही पकड अगदीच कमी पडते. अमेरिकेत ग्रँड कॅनियनच्या नदीत वाटाड्याचं काम करणाऱ्या मार्क थॅचरने १९८४ साली रबरी चपलेला घोट्याभोवती वेल्क्रोचा पट्टा जोडला आणि टेवा नावाची सँडल जन्मली. आपल्याकडे फ्लोटर्स या नावाने जे काही मिळतं, ते तिच्याच कुळातलं. सह्याद्रीत पावसाळी भटकंती करणाऱ्यांनी ती लगेच आपलीशी केली. ओढा ओलांडताना बूट काढा, मोजे काढा, पलीकडे पुन्हा घाला, हा खटाटोप वाचला. ओल्या कातळावर आणि निसरड्या उतारावर मात्र मी अजूनही चांगल्या पकडीच्या बुटाचीच शिफारस करीन. बोटांना ठेच लागली तर वाचवायला सँडलकडे काही नसतं.

लहान मुलांच्या पायांबद्दल एक भारतीय अभ्यास प्रत्येक पालकाने आणि प्रत्येक शाळेने वाचायला हवा. राव आणि जोसेफ या दोन डॉक्टरांनी चार ते तेरा वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. त्यांचा निबंध १९९२ साली ब्रिटनमधल्या अस्थिशल्यविद्येच्या नामांकित नियतकालिकात आला. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के होतं, न वापरणाऱ्यांत २.८ टक्के. त्यातही बोटं झाकणारे बूट घालणाऱ्या मुलांत ते सर्वांत जास्त, चप्पल किंवा सँडल घालणाऱ्यांत कमी आणि अनवाणी मुलांत सर्वांत कमी. तळव्याची कमान घडते ती लहानपणी, पायाच्या स्नायूंना काम मिळाल्यावर. मुलाला अनवाणी हिंडवा असं कुणी म्हणत नाही. पण शाळेने मागे पट्टा असलेली सँडल गणवेशात बसवली, तर मुलांच्या पायांचं भलंच होईल. घामाचाही विचार करा. तळव्यावर घर्मग्रंथी फार दाटीने असतात. बंद बुटात आणि ओल्या मोज्यात दिवसभर कोंडलेल्या बोटांच्या बेचक्यात बुरशी धरते, आणि चिखल्या झाल्या की डॉक्टर पहिलं सांगतात ते पाय कोरडे ठेवायला.

दोन ठिकाणी मात्र उघडी चप्पल नको, आणि हे ठामपणे सांगायला हवं. पहिलं, तुंबलेलं पाणी. मुंबईत जुलै २००५च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले होते. उंदरांच्या मुतातले जंतू पाण्यातून पायावरच्या लहानशा जखमेत शिरतात. अशा पाण्यात उतरावंच लागलं तर गमबूट घालावेत. दुसरं, मधुमेहाने बधिर झालेले पाय. अंगठ्याची पकड संवेदनेवर चालते. संवेदना गेली की चप्पल पायातून निसटली तरी माणसाला कळत नाही आणि तो तसाच चालत राहतो. अशा पायांसाठी मऊ मायक्रोसेल्युलर रबराची, खिळे नसलेली, मागे पट्टा असलेली एमसीआर सँडल असते. कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांना जखमा होऊ नयेत म्हणून वेल्लोरमध्ये डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम केलं, त्यातून हे रबर पादत्राणांत रुळलं. आज मधुमेहींना तीच सँडल उपयोगी पडते. दिसायला अगदी साधी असल्यामुळे लोक ती घालायला लाजतात. पाय वाचवणाऱ्या वस्तूची लाज कसली?

आता कोल्हापुरीकडे वळतो. इतका वेळ मी तिला मागे ठेवलं, कारण एकदा ती सुरू झाली की बाकी काही सुचत नाही.

कोल्हापुरी करायला खिळा लागत नाही. म्हशीच्या किंवा बैलाच्या जाड कातड्याचे थर एकावर एक ठेवून कातड्याच्याच वादीने शिवतात. कातडं कमावतात ते बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात, आठवडेच्या आठवडे मुरवून. झाडातल्या टॅनिनमुळे कातडं कुजायचं थांबतं आणि त्याला तो मधाळ तपकिरी रंग येतो. मग रापीने कापायचं, आरीने भोक पाडायचं, वादी ओढायची. दोन्ही बाजूंना पंखासारखे बाहेर येतात ते कान. त्यांतून आडवा पट्टा जातो आणि पुढे अंगठा अडकवायची वेटोळी असते, तिलाही अंगठाच म्हणतात. बकऱ्याच्या पातळ कातड्याच्या बारीक वेण्या घालून पट्टा सजवतात. हे वेणीकाम आणि शिवणीचं पुष्कळसं काम घरातल्या बायका करतात, आणि नाव मात्र दुकानाचं होतं. कागल तालुक्यातल्या कापशीची कापशी चप्पल नाजूक कामासाठी ओळखली जाते, तर शेताबांधावरचं पायताण जाड आणि दणकट. तळाच्या थरांत बिया घालून करकर वाजणारी चप्पलही करतात. रुबाबात चालणारा माणूस दिसायच्या आधी ऐकू यावा, अशी हौस.

नवी कोल्हापुरी चावते. ही तक्रार खरी आहे, पण ती चावते त्याच कारणाने पुढे प्रिय होते. वनस्पतींच्या सालीत कमावलेलं कातडं घाम, ऊब आणि दाब यांनी हळूहळू पायाचा आकार घेतं. काही आठवड्यांत तळावर पाच बोटांचे आणि टाचेचे ठसे उमटतात आणि ती चप्पल त्या एकाच माणसाची होते. रबराला हे जमत नाही. जर्मनीच्या बिर्केनस्टॉकने १९६३ साली बुचाचा आणि लॅटेक्सचा घडीव तळ असलेली पहिली सँडल काढली, तिचीही मोहिनी हीच: वापरता वापरता तळ पायासारखा होतो.

ज्या हातांनी हे केलं, त्या हातांशी आपण कसे वागलो, हे बाजूला ठेवून कोल्हापुरीबद्दल बोलता येत नाही. आषाढीला आळंदीहून ज्ञानोबांच्या आणि देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीतून पंढरीला जातात. भरताने रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून राज्य केलं. नृसिंहवाडीला लोक दत्ताच्या पादुकांवर माथा टेकतात. पायाखालची वस्तू आपण इतक्या उंचावर नेली. पण कातडं कमावणारा ढोर समाज आणि वहाणा शिवणारा चर्मकार समाज यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं. खडावा लाकडाच्या म्हणून सोवळ्यात चालल्या. कातड्याची वहाण अंगणापर्यंत आली, आणि ती शिवणारा तिथवरही नाही.

याविरुद्ध सर्वांत धारदार कथा बाराव्या शतकातल्या कल्याणची आहे, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणची. हरळय्या हा चर्मकार शरण, म्हणजे शिवभक्तांच्या पंथातला माणूस, वाटेत त्या पंथाचे प्रवर्तक बसवण्णा यांना भेटला आणि त्याने नमस्कार केला. बसवण्णांनी त्याला उलट दोनदा नमस्कार केला. हे ऋण कसं फेडायचं म्हणून हरळय्या आणि त्याची बायको कल्याणम्मा यांनी आपल्या मांड्यांचं कातडं काढून बसवण्णांसाठी वहाणा शिवल्या, असं परंपरा सांगते. बसवण्णांनी त्या पायात घातल्या नाहीत, डोक्यावर घेतल्या. पुढे हरळय्याच्या मुलाचं लग्न मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी झालं. राजा बिज्जळाने दोघा बापांना ठार मारवलं आणि कल्याण पेटलं. वहाणांची ही कथा वीरशैव परंपरेत आजही सांगतात.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी चर्मोद्योगाला आश्रय दिला, कातडी कमावण्याच्या कामाला बळ दिलं. एका समाजाच्या कौशल्याला राजाने प्रतिष्ठा देणं ही त्या काळात मोठी गोष्ट होती. आज अडचणी वेगळ्या आहेत. २०१५ साली महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली आणि कारागिरांना कच्च्या मालासाठी म्हशीच्या कातड्यावर आणि बाहेरच्या राज्यांवर अधिक अवलंबून राहावं लागलं. नैसर्गिक कमावणी वेळखाऊ, यंत्रावरची नक्कल स्वस्त. तरुण पोरं बापाचा व्यवसाय पुढे न्यायला तयार नसतात. दिवसभर आरी धरून जेवढे पैसे मिळतात, ते पाहिल्यावर त्यांना दोष देता येत नाही.

२०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार. सीमेचं राजकारण बाजूला ठेवून दोन राज्यांनी हे मिळवलं, कारण अथणीचा कारागीर आणि कोल्हापूरचा कारागीर एकाच परंपरेतले आहेत. पण मानांकन नावाचं रक्षण करतं, आकाराचं नाही. जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या कंपनीने कोल्हापुरीसारख्या सँडल नाव न घेता मिरवल्या, तेव्हा हीच फट उघडी पडली. महाराष्ट्रातून गदारोळ झाल्यावर प्राडाने भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली आणि पुढे त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने बिर्केनस्टॉकलाही सांगितलं होतं की त्यांच्या सँडल कलाकृती ठरत नाहीत, म्हणून त्यांना कॉपीराइट मिळणार नाही. सँडलचा आकार कुणाच्याही मालकीचा ठरवणं इतकं अवघड आहे. कोल्हापूरचा दावा मला त्याहून सबळ वाटतो, कारण तो एका कंपनीचा नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांचा आहे. पण कायद्याला अजून अशा मालकीची भाषा नीट येत नाही.

घ्यायला जाल तेव्हा चप्पल आधी आडवी धरून तळाची कड बघा. खऱ्या कोल्हापुरीत कातड्याचे थर स्पष्ट दिसतात आणि वादीची शिवण तळावर उमटलेली असते. नकलेत मध्ये पुठ्ठा असतो, वर रेक्झिन आणि कडेला खिळ्याचं डोकं. संध्याकाळी जा, कारण दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो आणि माप बरोबर येतं. थोडी घट्ट वाटली तरी घ्या, कातडं सैल होतं. पहिले काही दिवस घरातल्या घरात घाला आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला खोबरेल तेलाचं बोट फिरवा. पावसात अजिबात वापरू नका. सालीत कमावलेलं कातडं पाणी पितं, फुगतं आणि वाळल्यावर वेडंवाकडं होतं. चुकून भिजलीच तर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, सावलीत हळूहळू वाळू द्या आणि मग तेल लावा. भाव करताना मात्र एक लक्षात ठेवा: तुम्ही जे दोनशे रुपये कमी करून घेता, ते बहुतेक वेळा दुकानदाराच्या नफ्यातून जात नाहीत, वेणी घालणाऱ्या बाईच्या मजुरीतून जातात.